सीटीसी ४ लाख २० हजार, घरात येणार किती?

प्रश्न : माझा मुलगा यंदा सांगलीतून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला. त्याला दोन नोकऱ्या आल्या आहेत. पहिली औषध कंपनीत एमआरची (मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे डॉक्टर-केमिस्टना भेटून औषधांचा खप वाढवणारा). हेडक्वार्टर (कामाचं मुख्य गाव) सांगली, सीटीसी (कंपनीला वर्षाला पडणारा एकूण खर्च) ४ लाख २० हजार, त्यात ६० हजार ‘व्हेरिएबल’. दुसरी कोल्हापुरात, एका खासगी बँकेची पर्सनल लोन विकण्याची. पगार महिना २० हजार आणि ‘इन्सेंटिव्हला मर्यादा नाही’ असं सांगतात. नेमणूक मात्र मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीकडून. सेल्सच्या पगाराचा भरवसा नसतो, असं नातेवाईक म्हणतात. शिवाय मुलगा अबोल आहे. महिन्याला घरात नक्की किती येईल आणि ते कशावर कमी-जास्त होईल? औषध कंपनीचं ऑफर लेटर सोबत जोडलं आहे.
– एक पालक, सांगली

उत्तर :

नमस्कार. आधी ऑफर लेटरचा हिशेब मांडू, कारण ४ लाख २० हजार भागिले १२ म्हणजे ३५ हजार हे गणित घरोघरी होतं आणि पहिल्याच पगाराला घरात नाराजी येते.

४,२०,००० मधून व्हेरिएबलचे ६०,००० बाजूला काढा. ते म्हणजेच इन्सेंटिव्ह, मिळालेच तर तिमाहीला मिळतील. कंपनीच्या वाट्याचा पीएफ दरमहा १,८००, म्हणजे वर्षाला २१,६००. ग्रॅच्युइटीचे १०,१०१ दाखवले आहेत. महिना १७,५०० बेसिकच्या वर्षाच्या रकमेवर ४.८१ टक्क्यांनी तेवढेच होतात. कायम नोकरीत ही रक्कम साधारण पाच वर्षं टिकल्यावरच हाती येते. मेडिक्लेमचा हप्ता ६,०००. हे सगळं वजा केल्यावर उरतात ३,२२,२९९, म्हणजे महिन्याला २६,८५८. त्यातून मुलाच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला जाईल (फेब्रुवारीत ३००). खात्यावर जमा होतील सुमारे २४,८५० रुपये. घरखर्चाचं, गाडीच्या हप्त्याचं सगळं नियोजन याच आकड्यावर करा. पीएफ बुडत नाही, तो मुलाच्या नावावर साठतो. फक्त कंपनीच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शन योजनेत जातात, हे लक्षात असू द्या.

आता खर्चाचे पैसे. बरेच नवे एमआर टीए-डीए (प्रवास आणि दैनिक भत्ता) हाच वरचा पगार समजतात. तुमच्या पत्रात हेडक्वार्टरला रोज २५०, एक्स-स्टेशनला (त्याच दिवशी परतायचं बाहेरगाव) ३००, आउटस्टेशनला मुक्कामासह ७०० आणि दुचाकीला किलोमीटरमागे ३ रुपये लिहिले आहेत. पेट्रोल लिटरला १०५ धरलं आणि गाडी ५० चं अ‍ॅव्हरेज देत असेल, तर नुसतं पेट्रोलच किलोमीटरला २ रुपये १० पैसे पडतं. ऑइल, टायर, सर्व्हिसिंग, विमा धरला की ३ रुपयांत बरोबरी होते, वर काही उरत नाही. सांगली-मिरजेत दिवसभर फिरलेले तीसेक किलोमीटर वेगळे मिळत नाहीत. ते २५० च्या डीएमध्येच बसवायचे, त्यातच चहा-जेवण. जतला मुक्काम पडला तर ७०० मध्ये लॉज आणि दोन वेळचं जेवण जेमतेम भागतं. म्हणून कंपनीचा फेअर चार्ट (प्रवासखर्चाचा तक्ता) आधी बघा. तासगाव, विटा, जत ही गावं त्यात कुठल्या वर्गात आहेत आणि अंतर किती लावलंय? विट्यासारखं जाऊन-येऊन शंभरावर किलोमीटरचं गाव एक्स-स्टेशनमध्ये असेल तर रात्री घरी परतायचं आणि मुक्कामाचा दर मिळणार नाही. दुसरं म्हणजे डेली रिपोर्ट ठरलेल्या मुदतीत अ‍ॅपवर भरला नाही तर त्या दिवसाचा खर्च अडकतो, आणि काही कंपन्यांत तो दिवस रजेत धरला जातो. पहिल्या महिन्यातच ही सवय लागली पाहिजे.

इन्सेंटिव्हची योजना तुमच्या ऑफर लेटरमध्ये नाही. तीच खरी महत्त्वाची, आणि ती लेखी मागायला हवी. बहुतेक कंपन्यांत ती कशी चालते ते एका उदाहरणाने सांगतो. समजा तिमाहीचं टार्गेट १० लाख ८० हजार आहे. शंभर टक्के झालं तर पूर्ण १५,०००, ९० ते ९९ टक्क्यांना निम्मे, ९० च्या खाली शून्य. मुलाने स्टॉकिस्टला (कंपनीचा माल घेऊन केमिस्टना विकणारा घाऊक व्यापारी) नेमका १० लाख ८० हजारांचा माल लावला. पण त्याच तिमाहीत १ लाख १० हजारांचा एक्सपायरी आणि ब्रेकेजचा (तुटफुटीचा) माल परत आला. निव्वळ विक्री उरली ९ लाख ७० हजार, म्हणजे ८९.८ टक्के. हातात शून्य. आणखी दोन-अडीच हजारांचा माल गेला असता तर साडेसात हजार मिळाले असते. महिनाअखेरीला, क्लोजिंगच्या दिवशी, एमआर स्टॉकिस्टच्या दुकानात ठाण मांडून का बसलेले असतात ते यावरून कळेल.

त्या दिवशी अंगवळणी पडणारी चूक म्हणजे माल ढकलणं. कंपनी स्टॉकिस्टला विकते ती प्रायमरी, स्टॉकिस्ट केमिस्टला विकतो ती सेकंडरी. डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन दिसतं ते सेकंडरीत. इन्सेंटिव्ह मात्र बऱ्याच ठिकाणी प्रायमरीवर मोजतात. मग या महिन्यात ढकललेला माल स्टॉकिस्टच्या रॅकवर पडून राहतो, पुढच्या महिन्यात ऑर्डर येत नाही, आणि वर्षभराने तोच माल एक्सपायरी होऊन मुलाच्याच आकड्यातून वजा होतो.

याचाच पुढचा भाग नव्या माणसाला फार महागात पडतो. मुलाच्या पहिल्या वर्षाची कमाई त्याच्या आधीच्या एमआरने काय करून ठेवलंय यावर ठरते. टार्गेट काढतात ते गेल्या वर्षीच्या विक्रीत ठरावीक टक्के वाढ धरून. समजा आधीच्याने महिन्याला ३ लाख प्रायमरी दाखवली, पण खरी सेकंडरी होती २ लाख ६० हजार. कंपनी ३ लाखांवर २० टक्के वाढ धरणार, म्हणजे टार्गेट ३ लाख ६० हजार. खऱ्या खपाच्या मानाने ही वाढ ३८ टक्क्यांची होते. त्यात स्टॉकिस्टकडे क्लोजिंग (महिनाअखेरचा शिल्लक साठा) ८ लाखांचं असेल तर तीन महिन्यांचा माल आधीच पडून आहे. महिना-दीड महिन्याचा साठा ठीक. तीन महिन्यांचा असेल तर मुलगा कितीही राबला तरी पहिली तिमाही कोरडीच जाणार. मार्केट रिकामं असेल किंवा जागा सहा महिने रिकामी राहून विक्री खाली आली असेल, तर उलट नव्या माणसाचा फायदा, कारण टार्गेटचा पाया लहान असतो.

म्हणून मुलाने होकार देण्याआधी एरिया मॅनेजरला तीन आकडे विचारावेत : या हेडक्वार्टरची गेल्या बारा महिन्यांची प्रायमरी, सेकंडरी आणि परत आलेला माल. शिवाय जागा का आणि कधीपासून रिकामी आहे, तेही. नव्या उमेदवाराला हे सगळं मिळेलच असं नाही. पण विचारणारा मुलगा मॅनेजरला आवडतो आणि उत्तर टाळलं गेलं तर त्यातूनही बरंच कळतं. दुसरी वाट सोपी आहे. सांगली-मिरजेत त्या कंपनीचा स्टॉकिस्ट कोण, ते चार केमिस्टना विचारा आणि स्टॉकिस्टच्या काउंटरवर जाऊन सरळ सांगा, “या कंपनीत मला जागा मिळतेय, माल कसा चालतो?” कुठल्या कंपनीची मुलं टिकतात आणि कुठल्या कंपनीची दर सहा महिन्यांनी बदलतात, हे तिथे अचूक कळतं.

कमाई ठरवणारी पुढची गोष्ट म्हणजे डिव्हिजन. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकाराच्या गोळ्या विकणाऱ्या डिव्हिजनमध्ये विक्री सावकाश वाढते, पण एकदा पेशंटला गोळी सुरू झाली की दर महिन्याला ती लागतेच. अँटिबायोटिक, खोकला, तापाच्या डिव्हिजनमध्ये पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर इन्सेंटिव्ह सुटतो आणि उन्हाळ्यात टार्गेटशी झगडावं लागतं. तिथे टार्गेट हंगाम बघून विभागलेलं आहे की बाराही महिने सारखं, हे विचारायला हवं. अजून एक कोपरा आहे, जो मुलाखतीत कोणी सांगत नाही. औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ खाली सरकार काही औषधांची कमाल किंमत ठरवतं. किंमत खाली आली की तितक्याच स्ट्रिप विकूनही रुपयातली विक्री घटते. कंपनी त्या प्रमाणात टार्गेट कमी करते का, हा प्रश्न मुलाने लक्षात ठेवावा.

अबोल असण्याची काळजी मात्र मनातून काढून टाका. एमआरला डॉक्टरांसमोर एक-दोन मिनिटं मिळतात, तीही दीड-दोन तास ओपीडीबाहेर थांबून. तिथे बडबड्या मुलाचा उपयोग कमी. दिवसाला दहा-बारा डॉक्टर आणि चार-पाच केमिस्ट, ठरलेल्या दिवशी ठरलेलं गाव, आणि केमिस्टकडे कोणत्या डॉक्टरांची कुठली चिठ्ठी येते त्याची नोंद, हे नेमाने करणारा मुलगा टिकतो. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात रसायनशास्त्राचा पदवीधर औषधाबद्दल नेमकं बोलतो, तेव्हा त्याचं ऐकून घेतलं जातं.

दोन गोष्टींना मात्र पहिल्या दिवसापासून नकार द्यायचा. क्लोजिंगला टार्गेट भरण्यासाठी स्वतःच्या पैशांनी माल उचलणं किंवा स्टॉकिस्टला स्वतःचा चेक देणं ही पहिली. मुलं घरी न सांगता हे करतात. इन्सेंटिव्हचे १५ हजार मिळवायला ४० हजार अडकतात आणि ते सुटत नाहीत. मुलाला आजच सांगून ठेवा, की टार्गेट चुकलं तर घरी कोणी रागावणार नाही. दुसरी गोष्ट, डॉक्टरांना भेटवस्तू देण्यासाठी पदरचे पैसे घालणं. मार्च २०२४ मध्ये आलेल्या औषध विपणनाच्या आचारसंहितेत डॉक्टरांना भेटी, पाहुणचार, सहली देण्याला कंपन्यांनाच मनाई आहे. मॅनेजर तोंडी काही सुचवत असेल तर मुलाने ते ई-मेलवर मागावं.

आता बँकेची नोकरी. ती बँकेची नोकरी नाही, हे आधी स्पष्ट असू द्या. नेमणूकपत्र, पगार, पीएफ सगळं एजन्सीचं; बँकेचं फक्त ओळखपत्र गळ्यात. २० हजार हे कापण्याआधीचे असतील आणि बेसिक १० हजार धरलं, तर पीएफचे १,२००, ईएसआयचे (कामगारांचा आरोग्य विमा) १५०, व्यवसाय कराचे २०० जाऊन १८,४५० उरतात. कोल्हापुरात खोली आणि मेस धरा, म्हणजे शिल्लक तुमची तुम्हाला दिसेल. ‘मर्यादा नाही’ म्हणताना वरची मर्यादा सांगतात, खालची सांगत नाहीत. समजा महिन्याला १५ लाखांचं कर्जवाटप झाल्यानंतरच पुढच्या रकमेवर अर्धा टक्का मिळतो. २० लाख वाटले तर ५ लाखांवर २,५०० आले. शिवाय मोजतात ते वाटप झालेलं कर्ज. लॉगिन झालेली (नुसता अर्ज दाखल झालेली) किंवा मंजूर होऊनही अडकलेली फाइल शून्य. पहिला हप्ता चुकला किंवा ग्राहकाने लगेच कर्ज फेडलं, तर दिलेला इन्सेंटिव्ह परत कापून घेणाऱ्या योजनाही असतात. या क्षेत्रात चांगलं कमावणारी माणसं आहेत, पण त्यांच्याकडे मोठ्या शहरातल्या कंपन्यांच्या पगारदार नोकरांचा डेटा असतो किंवा पाच-सात वर्षांची ओळख असते. तुमच्या मुलासाठी मी ही नोकरी निवडणार नाही.

औषध कंपनीत पहिल्या वर्षी २४,८५० आणि एखाद्या तिमाहीचा इन्सेंटिव्ह, इतकंच धरा. खरी उडी दोन ठिकाणी येते : दोन-तीन वर्षांनी चांगल्या सेकंडरीच्या जोरावर मोठ्या कंपनीत जाताना, आणि चार-पाच एमआरची टीम सांभाळणारा एरिया मॅनेजर होताना. दोन्ही वेळा मुलाखतीत मागतात ते महिन्यागणिक विक्रीचे आकडे, म्हणून इन्सेंटिव्हचं प्रत्येक स्टेटमेंट त्याने जपून ठेवावं. मॅनेजर झाल्यावर टीममधली रिकामी जागाही त्याच्याच टार्गेटमध्ये मोजली जाते, हे तेव्हा आठवू द्या.

कायद्याच्या बाजूने तुमचा मुलगा उघड्यावर नाही. एमआरसाठी १९७६ पासून वेगळा कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये तो सामावला आहे आणि विक्री संवर्धन कर्मचारी (एमआर यातच येतात) ‘कामगार’ या व्याख्येत धरले आहेत. नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. नोकरी सोडल्यावर थकलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. पण कमिशन वेतनाच्या व्याख्येबाहेर ठेवलंय. त्यामुळे तिमाही संपल्यावर आणि पैसे जमा होण्याआधी राजीनामा दिला तर इन्सेंटिव्ह मिळेल का, हे कंपनीच्या योजनेतल्या अटीवर ठरतं. अनेक योजनांत ‘वाटपाच्या तारखेला नोकरीत असणं आवश्यक’ अशी ओळ असते.

मूळ गुणपत्रिका कोणाकडेही ठेवायच्या नाहीत, फक्त दाखवायच्या. डिपॉझिट भरायचं नाही. ट्रेनिंगचा बाँड असेल तर रक्कम आणि मुदत वाचून सही करायची. आणि सहीआधी मुलाने एचआरला हा ई-मेल पाठवावा : “नमस्कार. नेमणुकीबद्दल आभार. रुजू होण्याआधी कृपया पुढील माहिती मिळावी : चालू वर्षाची इन्सेंटिव्ह योजना, सांगली हेडक्वार्टरचं तिमाही टार्गेट, ते प्रायमरीवर आहे की सेकंडरीवर, परत आलेला माल कसा वजा होतो, आणि सांगलीचा फेअर चार्ट.” उत्तर आलं की ते माझ्याकडे पाठवा, टार्गेट आणि साठ्याचा मेळ बसतो का, ते आपण आकडे लावून पाहू.