प्लेटलेटची दारं

प्रश्न : माझ्या वडिलांना रक्तदाबासाठी अॅम्लोडिपीन चालू आहे. पाकिटातल्या कागदावर ‘कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर’ असं लिहिलंय. प्लेटलेटना काम करायला कॅल्शियम लागतं, एवढं मला माहीत आहे. पुढच्या आठवड्यात त्यांची दाढ काढायची आहे. गोळीने कॅल्शियमची वाट अडवली तर रक्त थांबेल का? चार दिवस गोळी बंद ठेवू का?

उत्तर : नाही, गोळी परस्पर बंद करू नका. रक्तदाब चढला तर दाढेच्या जागेतून रक्त उलट जास्त येईल. तुमचा तर्क बरोबर आहे, फक्त दार वेगळं आहे.

पेशीच्या आवरणात प्रथिनांच्या अतिसूक्ष्म वाटा असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. मी त्यांना दारं म्हणते, कारण ती एरवी बंद असतात आणि प्रत्येकाची उघडण्याची खूण निराळी असते. अॅम्लोडिपीन ज्या दाराला आडवं येतं, ते रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशींत असतं आणि आवरणावरचा विजेचा दाब बदलला की उघडतं. ते अडवलं की वाहिनी सैल पडते, दाब उतरतो. प्लेटलेटमध्ये कॅल्शियम येतं ते या दारातून नाही.

मग कुठून? प्लेटलेट म्हणजे रक्त थांबवणारी, २ ते ३ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चकती. तिला केंद्रक नसतं, आयुष्य ७ ते १० दिवसांचं. तिच्या आतल्या द्रवापेक्षा बाहेरच्या रक्तद्रवात मोकळं कॅल्शियम सुमारे १०,००० पट जास्त असतं. आत शिरेल तेवढं ती सतत उपसून बाहेर टाकते किंवा आतल्या बारीक कोठारांत भरून ठेवते. वाहिनीला इजा झाली आणि भिंतीतलं कोलॅजेन हे धाग्यांसारखं प्रथिन उघडं पडलं की आधी ही कोठारं रिकामी होतात. कोठाराच्या भिंतीत स्टिम-१ नावाचं प्रथिन पहाऱ्यावर असतं. कोठार रितं झाल्याचं त्याला कळतं आणि ते बाहेरच्या आवरणातलं ओराय-१ हे दार उघडतं. स्टिम-१ चं हे काम २००५ मध्ये कळलं, ओराय-१ २००६ मध्ये सापडलं. म्हणजे आपल्या रक्तातलं इतकं मोठं दार आपल्याला कळून जेमतेम दोन दशकं झालीत, याचं मला अजून नवल वाटतं.

आणखी एक दार आहे, पी-टू-एक्स-१. जखमी पेशींतून सांडलेलं एटीपी, म्हणजे पेशींचं इंधन, त्याला लागलं की ते काही मिलिसेकंदांत उघडतं आणि लगेच मिटतं. एकदा मिटलं की काही काळ उघडत नाही. नळीत घेतलेल्या नमुन्यात पेशींतून थोडंफार एटीपी झिरपतंच, त्यामुळे तपासणीच्या वेळेपर्यंत ही दारं मिटलेली असतात. म्हणून त्यांचं महत्त्व बरीच वर्षं ध्यानात आलं नाही. लहान धमन्यांत रक्त वेगाने वाहतं तिथे त्यांचा उपयोग विशेष आहे.

मी रक्तपेढीत काम करते. प्लेटलेटची पिशवी देण्याआधी आम्ही ती उजेडासमोर धरून हलकेच दाबतो. आत रेशमासारख्या लाटा उठतात, फिकट पिवळ्या द्रवात धुरासारख्या फिरतात. चपट्या चकत्या उजेडात वळल्या की ही झळाळी येते. प्लेटलेट बिघडून गोल झाल्या की पिशवी नुसतीच गढूळ दिसते, लाटा नाहीत. जखमेजवळ कॅल्शियम आत शिरलं की चकती अशीच गोल होते, तिला हातपाय फुटतात, आतल्या पुड्या बाहेर सांडतात, आणि आवरणावरचं एक प्रथिन रक्तद्रवातल्या फायब्रिनोजेन या गोठवणाऱ्या प्रथिनाला चिकटायला तयार होतं. मग एकीला दुसरी जोडत जाते.

दंतवैद्यांना सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा. अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, म्हणजे प्लेटलेटना चिकटू न देणारी गोळी, असेल तर ते आवर्जून सांगा, आणि त्याही स्वतः बंद करू नका. अॅम्लोडिपीनने काहींच्या हिरड्या वाढतात, दात घासताना रक्त येतं. तेही सांगा, मात्र तो दोष प्लेटलेटचा नव्हे.

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीच्या प्लेटलेट २,४०,००० आहेत, तरी तिला बोट कापलं की रक्त लवकर थांबत नाही. सगळे म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आहे. मग असं का?

उत्तर : तिचं म्हणणं खरं धरा, ही माझी पहिली विनंती. १,५०,००० ते ४,५०,००० ही डोक्यांची मोजणी झाली. त्यातल्या किती जणी काम करतात, ते त्या आकड्यात नाही.

एक फार दुर्मीळ उदाहरण देते, कारण ते मला विसरता येत नाही. १९७९ मध्ये एका रुग्ण स्त्रीचं वर्णन प्रसिद्ध झालं. संख्या ठीक, प्लेटलेट एकमेकींना चिकटतही होत्या, तरी रक्त थांबत नव्हतं. हा स्कॉट सिंड्रोम. आवरणाच्या आतल्या अंगाचं एक स्निग्ध द्रव्य कॅल्शियम वाढल्यावर बाहेरच्या अंगाला यावं लागतं, गोठवणारे घटक त्यावरच बसतात. तिच्यात ते येतच नव्हतं. ही उलटापालट करणारं प्रथिन, टीएमईएम-१६-एफ, २०१० मध्ये सापडलं. ते स्वतः आयनांची, म्हणजे कॅल्शियमसारख्या विद्युतभारित कणांची, वाटही आहे.

याच्या उलट टोकाला स्टॉर्मोर्केन सिंड्रोम. नॉर्वेतल्या एका कुटुंबात तो आढळला, १९८५ मध्ये त्याचं वर्णन झालं. यात स्टिम-१ बदललेलं असतं आणि कोठार भरलेलं असतानाही ओराय-१ उघडंच ठेवतं. मग रक्त जास्त गोठायला हवं ना? नाही, या लोकांना रक्तस्रावाचाच त्रास होतो. जखम नसताना जाग्या राहिलेल्या प्लेटलेट जखमेच्या वेळी नीट साथ देत नाहीत. दार उघडण्याइतकंच ते वेळेवर बंद असणंही लागतं.

तुमच्या बहिणीला यातलं काही असेल असं मी म्हणत नाही. आधी नेहमीची कारणं बघा : वेदनाशामक गोळ्या, आणि फॉन विलेब्रँड घटकाची (प्लेटलेटना जखमेला चिकटवणाऱ्या रक्तातल्या प्रथिनाची) कमतरता, जी बरीच जास्त आढळते. पाळीत रक्त किती जातं, दात काढल्यावर काय झालं, घरात आणखी कुणाला असं होतं का, हे एका कागदावर लिहून रक्तविकारतज्ज्ञांकडे न्या. त्यांना प्लेटलेटच्या कार्याच्या चाचणीबद्दल विचारा. त्याआधी कुठली वेदनाशामक गोळी घेतली असेल तर नाव आणि तारीख लिहा. अॅस्पिरिनची एक मात्राही चाचणी फसवते, कारण केंद्रक नसल्यामुळे प्लेटलेटला अॅस्पिरिनने बंद पाडलेलं एन्झाइम नव्याने बनवता येत नाही.

प्रश्न : मी हाडांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या घेते. त्यामुळे रक्तात गुठळ्या होतील का?

उत्तर : त्या भीतीने गोळी सोडू नका. रक्तातलं कॅल्शियम शरीर अगदी चोख राखतं, आणि बाहेर ते प्लेटलेटच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतंच. अडतं ते दारापाशी, पुरवठ्यापाशी नाही. मात्रा मात्र डॉक्टरांनी सांगितली तेवढीच ठेवा, जास्तीची गोळी मूतखड्याला निमंत्रण देऊ शकते.