बंदुकीचे कायदे कडक केले की गुन्हेगारांच्या हाती शस्त्रं जायची थांबतात का?

थांबत नाहीत. आमच्या गोव्यात कायद्याला आधी सापडतो तो शेतकरी, कारण त्याचं नाव-गाव रजिस्टरात लिहिलेलं असतं.

सह्याद्रीच्या पायथ्याशी आमचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळ-केळीची बाग आहे. शेतीसंरक्षणाच्या परवान्याची एकनळी बंदूक वडिलांच्या नावावर होती, ते गेल्यावर माझ्या नावावर आली. रानडुकरं, माकडं हाकलायला हवेत बार काढायचा, एवढंच तिचं काम. 2024 मध्ये 16 मार्चला आचारसंहिता लागली आणि बंदूक ठाण्यात जमा करा म्हणून हुकूम आला. ऐन काजूचा हंगाम! मतदान 7 मेला उरकलं, पण बंदूक हातात पडायला जून उजाडला. तोवर डुकरांनी केळीची अख्खी ओळ उकरून आडवी केली. मी रात्रभर पत्र्याचा डबा बडवत बसायचो. परत मिळाली तेव्हा तिला सुतळीनं माझ्या नावाची चिठ्ठी बांधलेली होती आणि नळीवर तांबूस गंज धरला होता. वडील दर रविवारी शिलाई मशीनचं तेल लावून ती पुसायचे. ठाण्याच्या पायरीवरच माझे डोळे भरून आले.

ठाण्यात बंदुका जमा करणाऱ्यांत गावठी कट्टेवाला एकही नव्हता. बिहारात मुंगेरकडे चोरून बनणाऱ्या कट्ट्याला ना परवाना, ना नंबर. तो जमा कोण करणार? शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. ही मोजणीसुद्धा परवानेवाल्यांचीच. त्याच दुरुस्तीत बेकायदा शस्त्रं बनवणाऱ्यांच्या आणि त्यांची तस्करी करणाऱ्यांच्या शिक्षा वाढवल्या, ते मात्र योग्य केलं. धाडी तिथे घाला.

पणजीत फ्लॅटमध्ये राहणारा माझा चुलतभाऊ दर चतुर्थीला म्हणतो, "घरात बंदूक कशाला? सरकारला देऊन टाक." दादा, एकदा मे महिन्यात रात्री कुळागरात झोपायला ये, मग बोल.

परवान्याची बंदूक घेऊन रात्री शिकारीला जाणारे आमच्यातही आहेत, ते मी नाकारत नाही. परवान्याची अटच नसती तर बांधावरच्या भांडणातही बंदुका निघाल्या असत्या. कायदा हवाच. पण निवडणूक आली की सरसकट सगळ्यांच्या बंदुका गोळा करणं बंद व्हावं. बंदूक जमा न करण्याच्या सवलतीसाठी अर्ज करता येतो, तो आचारसंहिता लागताच करा. मी उशीर केला होता.

परवान्याची मुदत दिवाळीनंतर संपते. नूतनीकरणाचा अर्ज मी भरून ठेवलाय, दादाला अजून सांगितलेलं नाही.