वाचकांचे प्रश्न : राजा ठेवावा की काढावा?

सप्टेंबरात मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन जवळ आला की निजामाबद्दलची पत्रं वाढतात. यंदा काही वाचकांनी त्यापुढचं विचारलं आहे : जगात अजून चाळीसवर देशांत राजा किंवा राणी राष्ट्रप्रमुख आहे, हे योग्य आहे का, आणि एखाद्या देशाला राजेपद काढायचं असेल तर ते नेमकं कसं काढतात?

प्रश्न : ब्रिटन, जपान, स्वीडन, नॉर्वे इथे राजे आहेत आणि हे देश स्थिर आहेत, श्रीमंत आहेत. मग राजा असण्यात काहीतरी फायदा असणारच ना? (अंबाजोगाई)

इथे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते. ज्या राजघराण्यांनी वेळेवर अधिकार सोडले ती टिकली, आणि आज आपल्याला तीच दिसतात. स्वीडनने १९७४ च्या राज्यघटनेत पंतप्रधान नेमण्याचा अधिकारसुद्धा राजाकडून काढून घेतला. आता ते नाव संसदेचा सभापती सुचवतो. जपानच्या १९४७ च्या घटनेत सम्राट हा राज्याचं प्रतीक आहे, कारभाराचा अधिकार त्याला नाही. नॉर्वेने १९०५ मध्ये जनमत घेऊन राजा आणला.

ज्यांनी उलट केलं ते गेले. इटलीच्या राजाने १९२२ मध्ये मुसोलिनीला पंतप्रधान नेमलं. १९४६ च्या जनमतात ते राजघराणं हरलं. ग्रीसच्या राजाने १९६७ मध्ये लष्करी बंडवाल्यांच्या सरकारला शपथ दिली. १९७४ मध्ये सुमारे ६९ टक्के लोकांनी राजेपदाविरुद्ध मत दिलं. नेपाळच्या ज्ञानेंद्रांनी १ फेब्रुवारी २००५ ला सरकार बरखास्त करून सत्ता हातात घेतली. २८ मे २००८ ला संविधान सभेने ५६० विरुद्ध ४ मतांनी राजेपदच रद्द केलं.

नेपाळमध्ये त्यानंतरही सरकारं सारखी बदलत राहिली, हेही खरं. राजा काढला म्हणून स्थैर्य येत नाही आणि राजा ठेवला म्हणूनही येत नाही. ते पक्ष, न्यायालयं आणि निवडणुका यांवर ठरतं.

प्रश्न : राजा नुसती सही करत असेल तर बिघडलं कुठे? (सेलू)

सही अडते तेव्हा बिघडतं. १९९० मध्ये बेल्जियमचे राजे बोदुआँ यांनी गर्भपाताच्या कायद्यावर सही करायला नकार दिला. आपली सदसद्विवेकबुद्धी परवानगी देत नाही, असं त्यांचं म्हणणं. संसदेने कायदा मंजूर केलेला होता. शेवटी राजा ‘राज्य करण्यास असमर्थ’ आहे असं मंत्रिमंडळाने जाहीर केलं, मंत्र्यांनी स्वतः सह्या केल्या आणि दीड-दोन दिवसांत संसदेने राजाला पुन्हा पदावर घेतलं. आजारी किंवा कैदेतल्या राजासाठी असलेलं कलम धडधाकट माणसाला लावावं लागलं. २००८ मध्ये लक्झेंबर्गच्या ग्रँड ड्यूकने इच्छामरणाच्या कायद्याला मान्यता द्यायला नकार दिला, तेव्हा तिथे घटनेतूनच ‘मान्यता’ काढली. आता ग्रँड ड्यूक कायदा फक्त जाहीर करतात. प्रत्येक वेळी एका माणसाच्या मनासाठी देशाला वाट शोधावी लागली.

स्पेनचं उदाहरण राजाच्या बाजूने नेहमी दिलं जातं आणि ते वजनदार आहे. २३ फेब्रुवारी १९८१ ला सिव्हिल गार्ड या निमलष्करी दलाचे बंडखोर संसदेत घुसले. राजे हुआन कार्लोस यांनी त्याच रात्री लष्करी गणवेशात दूरचित्रवाणीवर येऊन सैन्याला घटनेच्या बाजूने उभं राहायला सांगितलं आणि बंड फसलं. पण स्पेनच्या याच राज्यघटनेत राजाची व्यक्ती अनुल्लंघनीय आहे, तिला जबाबदार धरता येत नाही, असंही लिहिलेलं आहे. पुढे त्यांच्या पैशांच्या व्यवहारांची चौकशी झाली आणि २०२२ मध्ये ती बंद करताना हे संरक्षण हे एक कारण दिलं गेलं. राजा चांगला निघाला तर देशाचं नशीब. वाईट निघाला तर घटनेत त्यावर उपाय नसतो, आणि आमचा विरोध या जागी आहे.

आपल्याकडेही राष्ट्रपती सहीच करतात, असं काही जण म्हणतील. फरक बघा. कलम ७४ नुसार ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात; एकदा फेरविचाराला परत पाठवू शकतात, दुसऱ्यांदा तोच सल्ला आला तर बांधील. मुदत पाच वर्षं. कलम ६१ खाली महाभियोग आहे : सभागृहाच्या किमान एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या, १४ दिवसांची नोटीस, मग एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतं, आणि दुसऱ्या सभागृहातही तेवढीच. एक भोक आपल्याही घटनेत आहे : विधेयकावर किती दिवसांत सही करायची हे कलम १११ सांगत नाही. १९८६ चं टपाल दुरुस्ती विधेयक ग्यानी झैलसिंग यांनी ना सही केलं, ना परत पाठवलं. नवं पद तयार करणाऱ्या देशाने ही मुदत आधीच लिहावी.

प्रश्न : राजघराण्यावर खर्च किती होतो? (उदगीर)

ब्रिटनमध्ये सरकार राजाला वार्षिक अनुदान देतं. राजवाड्याच्या दुरुस्तीसह ते २०२४-२५ मध्ये ८ कोटी ६३ लाख पौंड होतं, २०२५-२६ मध्ये १३ कोटी २१ लाख पौंड झालं. संरक्षणाचा खर्च यात धरलेला नाही. अनुदानाचा आकडा ‘क्राउन इस्टेट’ या मालमत्तेच्या नफ्यावरून काढतात. नफा सरकारी तिजोरीत जातो आणि ती मालमत्ता राजाला विकता येत नाही. तरी खर्चावरून हा वाद करू नये, असं आमचं मत आहे. राष्ट्रपतीलाही भवन, कर्मचारी, गाड्या लागतातच.

प्रश्न : एखाद्या देशाने ठरवलं की राजा नको, तर प्रत्यक्षात काय काय करावं लागतं? ‘राजा’ खोडून ‘राष्ट्रपती’ लिहिलं की झालं? (कळमनुरी)

तसं करून भागत नाही. सगळ्यात आधी कायद्यांत जिथे जिथे राजा आहे ती यादी करावी लागते : पंतप्रधान नेमणं, सभागृह विसर्जित करणं, न्यायाधीशांच्या नेमणुका, शिक्षेत माफी, सैन्याची शपथ, फौजदारी खटल्यातला फिर्यादी पक्ष, सरकारी जमिनीची मालकी. प्रत्येकासमोर लिहायचं : हा अधिकार आता कोणाचा, कोणाच्या सल्ल्याने, किती दिवसांत. राजाचे बरेच अधिकार नुसत्या रूढीने चालतात, कुठेच लिहिलेले नसतात. ते तसेच राष्ट्रपतीकडे गेले तर निवडून आलेला माणूस ते खरोखर वापरायला लागतो. ऑस्ट्रेलियात ११ नोव्हेंबर १९७५ ला गव्हर्नर-जनरलने, म्हणजे ब्रिटनच्या राणीच्या तिथल्या प्रतिनिधीने, राणीच्या नावाने असलेला अधिकार वापरून बहुमताचं सरकार चालवणारे पंतप्रधान व्हिटलम यांना काढलं. तो अधिकार तसाच पुढे न्यायचा का, याचं उत्तर मसुद्यात हवंच.

मग राष्ट्रपती कसा निवडायचा हे मतदानाआधी पक्कं करावं. बहुतेक ठिकाणी इथेच गाडी अडते. ऑस्ट्रेलियात ६ नोव्हेंबर १९९९ ला जनमत झालं. संसदेने दोन तृतीयांश मतांनी राष्ट्रपती निवडावा, असा प्रस्ताव होता. प्रजासत्ताक हवं असणाऱ्यांतच दोन तट पडले. थेट निवडणूक हवी असणाऱ्या अनेकांनी ‘नको’ म्हटलं आणि राजेपदवाल्यांचं आयतं काम झालं. होकार सुमारे ४५ टक्के. शिवाय तिथे देशभराचं बहुमत आणि सहापैकी चार राज्यांत बहुमत, दोन्ही लागतात. एकाही राज्यात ते मिळालं नाही.

तिसरी गोष्ट, घटना बदलायला किती मतं लागतात हे पाहून वेळ निवडणं. कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंटमध्ये २००९ च्या जनमतात दोन तृतीयांश हवी होती. निम्मीही मिळाली नाहीत. कॅनडात संसदेची दोन्ही सभागृहं आणि दहाच्या दहा प्रांतांची विधिमंडळं यांची संमती लागते, म्हणून तिथे विषय सुरूच होत नाही. बार्बाडोसला संसदेचं दोन तृतीयांश बहुमत पुरेसं होतं. त्यांनी आधीची घटना ठेवली, राणीच्या जागी राष्ट्रपती घातला आणि शेवटच्या गव्हर्नर-जनरल सँड्रा मेसन यांनाच संसदेकडून पहिल्या राष्ट्रपती म्हणून निवडून घेतलं. ३० नोव्हेंबर २०२१ ला बदल झाला, मोठे घटनात्मक प्रश्न नंतरच्या समितीकडे गेले. लहान देशाला ही रीत सोयीची.

आणि एक कलम कधी विसरू नये : चालू खटले, करार, नेमणुका, चलन, शपथा पूर्वीप्रमाणे वैध राहतील. ते कलम राहून गेलं की दुसऱ्या दिवशी कोर्टात पहिला आक्षेप हाच येतो.

प्रश्न : आपल्याकडे निजामाची सत्ता नेमकी कधी संपली? १७ सप्टेंबर १९४८, की आणखी नंतर? (नांदेड)

सत्ता त्या दिवशी गेली, पद मात्र टप्प्याटप्प्याने गेलं, आणि राजेपद काढण्याचा सगळा धडा यात आहे. शरणागतीनंतर मेजर जनरल चौधुरी लष्करी राज्यपाल झाले, पण त्यांचे आदेश निजामाच्या फर्मानाच्या आधारानेच निघत होते. फेब्रुवारी १९४९ मध्ये सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाचा खासगी मुलूख, सरकारी दिवाणी मुलखात मिळवला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जहागिरी रद्द झाल्या. २३ नोव्हेंबर १९४९ च्या फर्मानाने निजामाने भारताची राज्यघटना हैदराबादला लागू होत असल्याचं मान्य केलं. २६ जानेवारी १९५० पासून मीर उस्मान अली खान राजप्रमुख झाले, म्हणजे राज्यपालाच्या जागी. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्यच मोडलं, सातव्या घटनादुरुस्तीने राजप्रमुखपद गेलं आणि मराठवाड्याचे तेव्हाचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले.

तनखा, म्हणजे सरकारकडून संस्थानिकाला मिळणारी वार्षिक रक्कम, त्यानंतरही चालू होता. निजामाचा ठरला होता ५० लाख हाली, म्हणजे हैदराबाद संस्थानचे रुपये. सात हालीला सहा कलदार (भारत सरकारचे रुपये) या दराने तो ४२,८५,७१४ रुपये होतो, आणि कलम २९१ ने तो प्राप्तिकरातून मुक्त. १९७० मध्ये सगळ्या संस्थानिकांचे तनखे बंद करणारं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मंजूर झालं. राज्यसभेत १४९ विरुद्ध ७५ मतं पडली; २२४ चे दोन तृतीयांश १४९.३३, म्हणजे एका मताहूनही कमी अंतराने ते पडलं. सरकारने लगेच राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढली. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला : घटनेत दिलेलं वचन नुसत्या आदेशाने मोडता येत नाही. अखेर १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने मान्यता आणि तनखा दोन्ही संपले. सत्ता गेल्यावर तेवीस वर्षांनी.

प्रश्न : राजाच्या मालमत्तेचं काय करावं? आणि आमच्या जमिनीवर अजून ‘मदतमाश’ लिहिलेलं आहे, त्याचा याच्याशी संबंध आहे का? (परांडा)

राजाची खासगी मालमत्ता आणि पदाची मालमत्ता यांची यादी सत्ता काढण्याआधी करावी. ग्रीसने १९९४ मध्ये कायदा करून माजी राजाची मालमत्ता भरपाईविना घेतली. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने हे हक्काचं उल्लंघन ठरवलं आणि २००२ मध्ये राजघराण्याला मिळून १ कोटी ३७ लाख युरो द्यायला लावले. यादी आणि दर आधी ठरवून घेतले की असं प्रकरण उभं राहत नाही.

तुमच्या जमिनीचा संबंध आहे. निजामी राजवटीने निर्वाहासाठी दिलेली इनामं म्हणजे मदतमाश. हैदराबाद इनाम व रोख अनुदाने रद्द करण्याच्या १९५४ च्या कायद्याने ती संपली, पण पुष्कळ जमिनी भोगवटादार वर्ग २ मध्ये राहिल्या आणि विक्रीला परवानगी व नजराणा लागू झाला. देवस्थान आणि धर्मादाय इनामांना वेगळे नियम आहेत, तेव्हा आधी इनामाचा प्रकार ओळखा. सातबाऱ्यावरची भोगवट्याची नोंद आणि ‘इतर हक्क’ बघा, तिथल्या फेरफार क्रमांकावरून जुने फेरफार काढा. तहसीलच्या अभिलेख कक्षातून १९५४-५५ च्या खासरा पत्रकाची प्रमाणित नक्कल घ्या. घरात मुंतखब (इनामाचा निजामकालीन दाखला) असेल तर उर्दू जाणणाऱ्याकडून अधिकृत भाषांतर करून घ्या. त्यात इनाम कशासाठी आणि कोणाच्या नावे हे लिहिलेलं असतं. कागदावर फसली सन (निजामी कारभारातली वर्षगणना) असेल तर त्यात ५९० मिळवा : १३५८ फसली म्हणजे १९४८-४९. ही कागदपत्रं हातात आल्याशिवाय इसारपावती करू नका.