के-पॉपमध्ये नवीन आहेस? मग आधी एवढंच कर

अगं घाबरू नकोस, सगळ्यांचं असंच होतं, एक गाणं आवडतं आणि आठवड्याने आपण रात्री दोनला यातला नक्की कोण कोण हे शोधत बसतो. कोरियन भाषा कळत नाही तरी का आवडतं असं घरचे विचारतील, तर त्यांना डान्स प्रॅक्टिसचा व्हिडिओ दाखव. कॅमेरा एका जागी, मागे आरसा, साधे ट्रॅक पँट, आणि सेव्हन्टीन ग्रुपची तेराच्या तेरा पोरं एका ठेक्यावर पाय टाकतात. मी तिथेच घसरले!

सुरुवातीला:

- एकच ग्रुप धर. बीटीएस २०१३ पासून आहे, सेव्हन्टीन २०१५ पासून, सगळं एका महिन्यात बघून होणार नाही.
- नावं पाठ करू नकोस. केसांच्या रंगावरून तर अजिबात ओळखू नकोस, पुढच्या गाण्यात रंग बदललेला असतो. आवाजावरून ओळख, आपोआप जमतं.
- अल्बम लगेच मागवू नकोस. आत फोटोकार्ड, म्हणजे एखाद्या मेंबरच्या फोटोचं छोटं कार्ड, कुणाचं निघेल ते नशिबावर, मी एकाच मेंबरसाठी तीन अल्बम घेतले आणि तिन्हीत भलतेच निघाले, वर कस्टम ड्युटी भरली ती वेगळीच.

आणि फॅनवॉरमध्ये पडू नकोस बाई, आर्मी (बीटीएसचे फॅन) विरुद्ध ब्लिंक (ब्लॅकपिंक ग्रुपचे फॅन) वगैरे, नुसता डोक्याला ताप. लाइटस्टिक (कॉन्सर्टमध्ये हलवायचा दिवा), फॅनचँट (गाण्यात फॅन्सनी एकत्र द्यायच्या घोषणा), व्होटिंग हे सगळं नंतर बघू. कुठलं गाणं ऐकून आलीस ते सांग, त्यावरून पुढचं सुचवते.