'व्हेअर यू आर गोइंग?' हे चूक का?

इंग्रजीत प्रश्न करताना सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं. 'यू आर गोइंग'चं 'आर यू गोइंग' होतं आणि 'व्हेअर' त्याच्याही पुढे बसतं: 'व्हेअर आर यू गोइंग?' मराठीत 'तू कुठे चाललास?' म्हणताना अशी अदलाबदल करावी लागत नाही, म्हणून आपली गाडी इथे हमखास अडते.

वाक्यात इज, आर, कॅन, हॅव असं काही पुढे आणण्याजोगं नसेल तर डू, डझ किंवा डिड घ्यायचं. मग काळ तेच दाखवतं, मुख्य क्रियापद मूळ रूपात राहतं. 'डिड यू वेन्ट?' नव्हे, 'डिड यू गो?' 'डझ शी वर्क्स?' नव्हे, 'डझ शी वर्क?' मात्र प्रश्न कर्त्याबद्दलच असेल तर एरवी डिड लागत नाही: 'हू ब्रोक द ग्लास?'

खरी गंमत पुढे आहे. सुरुवातीचं 'व्हेअर यू आर गोइंग' अगदीच टाकाऊ नाही! ते मोठ्या वाक्याच्या पोटात गेलं की तोच क्रम बरोबर ठरतो: 'टेल मी व्हेअर यू आर गोइंग.' तसंच 'डू यू नो व्हॉट टाइम इट इज?' इथे 'इज इट' करण्याचा मोह चांगलं इंग्रजी बोलणाऱ्यांनाही आवरत नाही.