साध्या बटणाच्या फोनने आफ्रिकेतल्या गावांचं खरंच भलं होतं का, की स्मार्टफोन लागतोच?

हो, होतं, आणि इंटरनेटही लागत नाही. केनियात २००७ साली सफारीकॉम या मोबाइल कंपनीने एम-पेसा ही पैसे पाठवायची सेवा सुरू केली, ती सिममधल्या मेनूवरच चालते, म्हणजे नैरोबीत कामाला असलेला मुलगा फोनवरून पैसे पाठवतो आणि गावाकडे आई दुकानातल्या एजंटकडून रोख घेते, बँकेत खातं नसलं तरी. सूरी आणि जॅक या अर्थतज्ज्ञांचा २०१६ चा अभ्यास आहे, त्यांच्या अंदाजाने यामुळे सुमारे १,९४,००० कुटुंबं गरिबीतून वर आली, आणि जास्त फायदा बायका चालवतात त्या घरांना झाला, मला हेच सगळ्यात मोठं वाटतं. पण सगळीकडे हे जमेलच असं नाही, दक्षिण आफ्रिकेत बँका आधीच बऱ्याच पसरलेल्या होत्या, तिथे हीच सेवा २०१६ मध्ये बंद करावी लागली.