पेनिसिलीनच्या बुरशीचा जीनोम : वाचकांच्या शंका

प्रश्न : पेनिसिलियम क्रिसोजेनम या बुरशीपासून पेनिसिलीनचे औद्योगिक उत्पादन १९४०च्या दशकापासून होत आले आहे, आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येही ते १९५५मध्ये सुरू झाले. मग या बुरशीचा जीनोम, म्हणजे तिचा संपूर्ण डीएनए, २००८मध्ये वाचल्यामुळे नवे असे काय कळले?

उत्तर : उत्पादन वाढले होते, पण ते कशामुळे वाढले हे त्यापूर्वी तुकड्यातुकड्यांनीच माहीत होते. १९४३मध्ये अमेरिकेतील पिओरिया येथे एका बुरसटलेल्या खरबुजावर जो वाण सापडला, त्यावर क्ष-किरण, अतिनील किरण आणि रसायने यांचा मारा करून अधिक पेनिसिलीन देणारे वंशज पिढ्यानपिढ्या निवडले गेले. किरणांनी डीएनएमध्ये कोठे आघात केला हे कोणालाच दिसत नव्हते. पाहिला जाई तो फक्त टाकीतील उतारा. या पद्धतीने मिळालेले यश खरोखर थक्क करणारे आहे, आणि त्यामागील संशोधकांच्या चिकाटीला द्यावे तेवढे श्रेय थोडेच आहे.

२००८मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांच्या पुढाकाराने वाचला गेला तो याच वंशावळीतील 'विस्कॉन्सिन ५४-१२५५' या वाणाचा जीनोम. त्याची लांबी सुमारे ३ कोटी २२ लाख बेस-जोड्या (डीएनएची 'अक्षरे') असून त्यात जवळपास १३ हजार जनुके आढळली. पेनिसिलीन घडवणारी तीन मुख्य जनुके एकमेकांना लागून आहेत, हे आधीच ठाऊक होते. या वाणात त्या गटाची एकच प्रत आहे, तर जास्त उत्पादन देणाऱ्या कारखानी वाणांमध्ये अनेक प्रती असतात. एवढ्यावरून उलगडा झाला असे वाटेल. पण प्रती वाढल्या तरी कच्चा माल कोठून येणार, हा प्रश्न उरतोच.

खरे मोल आहे ते येथे. वाचलेल्या अनुक्रमाच्या आधारे संशोधकांनी हा जुना वाण आणि भरघोस उत्पादन देणारा एक औद्योगिक वाण यांतील जनुकांची सक्रियता ताडून पाहिली. पेनिसिलीनचा सांगाडा ज्या तीन अमिनो आम्लांपासून बनतो, त्या व्हॅलीन, सिस्टीन आणि अल्फा-अमिनोअॅडिपिक आम्लाची निर्मिती करणारी जनुके औद्योगिक वाणात अधिक जोमाने काम करत होती. तसेच पेशीतील मायक्रोबॉडी या सूक्ष्म कप्प्यांची प्रथिने बनवणारी जनुकेही तेथे अधिक सक्रिय होती. पेनिसिलीन तयार होण्याची अखेरची पायरी याच कप्प्यांत पार पडते. म्हणजे निवडीने केवळ पेनिसिलीनची जनुकेच नव्हे, तर त्यांना माल पुरवणारी आणि जागा करून देणारी सारी व्यवस्था बदलली होती, आणि माझ्या मते या अभ्यासातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच. शिवाय पेनिसिलीन-जी हा पेनिसिलीनचा प्रकार तयार होण्यास पोषक परिस्थितीत पदार्थांची ने-आण करणाऱ्या प्रथिनांची जनुके मोठ्या संख्येने जागी होतात असे दिसले.

प्रश्न : आता हव्या त्या जनुकात नेमका बदल करता येतो का? आणि ही बुरशी फक्त पेनिसिलीनच देऊ शकते का?

उत्तर : अनुक्रम हाती असला तरी बाहेरून दिलेला डीएनए ही बुरशी बहुधा भलत्याच ठिकाणी जोडते, कारण तुटलेली टोके जशी असतील तशी सांधणारी तिची यंत्रणा फार तत्पर असते. त्या यंत्रणेचे एक जनुक निकामी केल्यावर नेमक्या जागी बदल घडवणे बरेच सोपे झाले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक उत्साहवर्धक आहे. स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूचे एक जनुक घालून याच बुरशीकडून सेफॅलोस्पोरिन या दुसऱ्या प्रतिजैविक गटातील औषधांसाठी लागणारा मध्यवर्ती पदार्थ मिळवता येतो. पेनिसिलीनची जनुके काढून टाकलेला वाणही कामाचा ठरतो, कारण पूर्वी पेनिसिलीनकडे जाणारी पेशीची साधनसामग्री मग दुसऱ्या रेणूकडे वळवता येते. कोलेस्टेरॉल कमी करणारे प्राव्हास्टॅटिन हे औषध बदललेल्या पेनिसिलियम क्रिसोजेनमकडून थेट किण्वनाने तयार करून घेतल्याचे संशोधन २०१५मध्ये प्रसिद्ध झाले आहे.